बेरिलबाईंचं मोठं तोंड

बेरिल ओकेंडन हे नाव ऐकलंय का, असं इंग्लंडात कुणालाही विचारलं असतं तर दहातले नऊ जण नाही म्हणाले असते. आणि त्याच नऊ जणांना बाईंचा फोटो दाखवला असता, तर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं असतं की ही बाई आमच्या पोस्टात तिकिटं विकते. एकदा बसमध्ये एका गृहस्थाने त्यांना, गेल्या आठवड्यात तुम्ही मला मटण कमी तोललंत, म्हणून चार लोकांत सुनावलं होतं. बाईंनी त्याची माफी मागितली. मी खाटीक नाही, नटी आहे, हे सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

चाळीस वर्षं त्या घरमालकिणी, दाया, मोलकरणी, नर्सा आणि प्रेत पहिल्यांदा पाहून किंचाळणाऱ्या शेजारणी करत आल्या होत्या. आधी गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपन्यांत, मग टीव्ही आला तसा टीव्हीत. नाटक संपल्यावर पडद्यावर जी नावं सरकतात त्यांत त्यांचं नाव शेवटून तिसरं असे. त्यांच्या खाली फक्त बसचा कंडक्टर आणि पोलीस.

हे सगळं मार्जरी व्हेलला नंतर कळलं. १९५८ साली मँचेस्टरच्या एका टीव्ही स्टुडिओत ती नोकरीला लागली तेव्हा तिला एवढंच दिसलं, की तालमीच्या हॉलमध्ये एक जाडसर बाई जमिनीशी वाद घालतेय. तालमी चर्चच्या हॉलमध्ये चालत. तिथे भिंती नसत, जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या असत: ही भिंत, हे दार, ही चूल. बाकीचे नट गप्पांच्या नादात भिंतीतून आरपार जात. बेरिलबाई कधीही गेल्या नाहीत. त्या पट्टीपाशी थांबत, नसलेल्या दाराची नसलेली कडी काढत आणि मगच आत येत. त्या दिवशी त्यांची तक्रार होती की दार चुकीच्या बाजूला उघडतं. अशा गल्लीत दार आत उघडतं, बाहेर उघडलं तर शेजारणीच्या नाकावर बसेल. नेपथ्यवाल्याने निमूटपणे पट्टी बदलली.

मार्जरी तेवीस वर्षांची होती. दक्षिणेकडच्या केंटमधली, बोलणं नाजूक, हात त्याहून नाजूक. तिचं काम म्हणजे डाव्या हातात संहिता आणि उजव्या हातात बटण. तेव्हा नाटकं आधी टिपून ठेवत नसत. स्टुडिओत नट बोलत आणि त्याच क्षणी ते घराघरांत दिसे. एखादा नट ओळ विसरला, तर मार्जरीने बटण दाबायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत बाहेर जाणारा आवाज बंद. तेवढ्यात नटाला ओळ सांगायची, बटण सोडायचं, की गाडी पुढे चालू. घरी बसलेल्यांना वाटे, काहीतरी खरखर झाली. बटणाला लांब वायर होती आणि ती थेट मार्जरीच्या अंगठ्यापर्यंत येत होती. बटण दाबलं की वरच्या खोलीत बसलेल्या दिग्दर्शकाचाही इलाज चालत नसे.

नाटक होतं कापडगिरणीच्या गल्लीतलं. म्हातारी आई मरते, शहरात गेलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पोहोचतो. तिकडे प्रत्येक गल्लीत एक बाई अशी असते, की जी पोरांना जगात आणते आणि मेलेल्यांना धुऊन-पुसून नीट करते. बेरिलबाईंना ती भूमिका मिळाली होती. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी घंगाळ घेऊन यायचं, बाही वर करायची आणि निघून जायचं. पण लेखकाच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने मुलाच्या प्रश्नाला त्यांच्या तोंडी उत्तर दिलं. सलग एक मिनिट वीस सेकंदांचं.

बाईंचं धाबंच दणाणलं. दोन तालमींत त्या मधेच अडकल्या. चहाच्या सुट्टीत त्या मार्जरीच्या शेजारी येऊन बसल्या आणि बिस्कीट चहात बुडवून तसंच धरून राहिल्या.

"चाळीस वर्षांत मला सलग चारच्या वर वाक्यं कुणी दिली नाहीत ग," त्या म्हणाल्या. "पाचव्याला वाटतं, आता कुणीतरी मधे बोलेल. कुणी बोलत नाही, मग मीच दचकते."

बिस्कीट कपात गळून पडलं. मार्जरीने हसून सांगितलं की मी आहे ना. बाई म्हणाल्या, मग जवळ राहा. शेवटी असं ठरलं की मार्जरीने सेटवरच्या चुलीमागे, खोट्या धुराड्यात उकिडवं बसायचं. बाई चुलीला पाठ न करता बोलणार होत्या. दोघींत हातभराचं अंतर राहणार होतं.

तालमीच्या त्या तीन आठवड्यांत मार्जरी बाईंच्या प्रेमातच पडली म्हटलं तरी चालेल. घंगाळात खरोखर कोमट पाणी हवं, असा बाईंचा हट्ट होता. सामानवाला म्हणाला, पाणी कोमट आहे की गार हे घरी बसलेल्यांना काय दिसणार? बाई म्हणाल्या, गार पाण्यात हात घातला की खांदे वर जातात, आणि खांदे दिसतात. त्यांनी हात घालून दाखवला. गार पाण्यात एक बाई नुसतं काम उरकत होती. कोमट पाण्यात तीच बाई कुणाच्या तरी आईला आंघोळ घालत होती. सामानवाला बंब आणायला गेला आणि मार्जरी तोंडाचा आ वासून बघत राहिली.

दिग्दर्शक मिस्टर कॅरदर्स यांना मात्र बाईंचं एक खुपत असे, ते म्हणजे तोंड. बाई बोलताना ओठ फार हलवत. प्रत्येक शब्द ओठांवर असा मांडत, की जणू तो ताटात वाढायचा आहे. "बेरिल, तोंड आवरा," कॅरदर्स रोज म्हणत. "शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी बोलू नका. कॅमेरा नाकासमोर आहे." बाई सॉरी म्हणत, ओठ मिटून घेत आणि दुसऱ्या वाक्याला पुन्हा मूळ पदावर येत. पंचविसाव्या वर्षी लंडनच्या एका बड्या कंपनीने त्यांना याच तोंडापायी काढलं होतं. नायिकेचं तोंड असं नसतं, घरमालकिणीचं चालतं, असं तिथल्या मॅनेजरने समजावून सांगितलं होतं. त्याने बाईंचं आयुष्य एका वाक्यात आखून दिलं.

गुरुवारी रात्री आठला नाटक होतं. संध्याकाळी कॅरदर्सनी मार्जरीला बाजूला घेतलं. बेरिल थांबली तर मनात एक-दोन मोजायचं, तिसऱ्याला ओळ द्यायची. दया-माया करत बसायचं नाही. मार्जरीने मान डोलावली आणि धुराड्यात जाऊन बसली.

साडेआठ वाजून गेले असतील. मुलाचं काम करणाऱ्या तरुणाने टोपी काढली आणि विचारलं, शेवटी काही बोलली का ती?

बेरिलबाई बोलेनात. त्यांनी घंगाळातून हात काढला आणि त्यावरून ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या. एक. दोन. तिसऱ्याला मार्जरी पुढे झुकली. तिने बटण दाबलं आणि कुजबुजली, "काही नाही बोलली."

बाईंनी मानही वळवली नाही. त्यांना ओळीची गरजच नव्हती. त्या विसरल्या नव्हत्या, समोरच्या पोराला खरं सांगावं की नाही ते ठरवत होत्या. मग त्यांनी ठरवलं आणि वर बघितलं.

"काही नाही बोलली," त्या म्हणाल्या. "तुझं नाव घेतलं म्हणून सांगितलं तर तुला बरं वाटेल. पण नाही घेतलं. पाणी मागितलं, आणि दिलं तर नको म्हणाली. मी तिला आंघोळ घातली. केस विंचरले. मग हात घेतले धुवायला."

संहितेत पुढे होतं, हात स्वच्छ होते. मार्जरीला स्वल्पविरामासकट सगळं पाठ होतं. पण बाई वेगळंच बोलल्या.

"बोटांच्या पेरांत मागाच्या तेलाचा वास होता. गिरणी सोडून दहा वर्षं झाली तिला, तरी होता. तो वास मी धुतला नाही. तिचा होता तो. राहू दिला."

हातभर अंतरावर बसलेल्या मार्जरीला त्या क्षणी संहिता, कॅरदर्स, स्टुडिओ, काही म्हणजे काही आठवत नव्हतं. डोक्यावर तीन तीन दिवे तापत होते, कॅमेरा दोन हातांवर आला होता, आणि त्या सगळ्याच्या मधे एक बाई खरोखर कुणाच्या तरी मेलेल्या आईबद्दल बोलत होती. अभिनय म्हणतात तो याला, असं मार्जरीला वाटलंही नाही. ते नंतर वाटलं. तेव्हा ती फक्त ऐकत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सेटच्या पलीकडे कानाला हेडफोन लावलेला आर्थर, जो स्टुडिओतली सगळी हालचाल सांभाळायचा, दोन्ही हात वारा घातल्यासारखे हलवत होता. त्याला तिच्यापर्यंत यायचं तर कॅमेऱ्यासमोरून यावं लागलं असतं. मार्जरीने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मुलगा हुंदका देऊन खाली बसला तेव्हा तिने अंगठ्याकडे पाहिलं. तो बटणावर तसाच होता. दाबून दाबून पांढराफटक पडलेला.

एक मिनिट वीस सेकंद. बेरिलबाईंच्या आयुष्यातलं एकुलतं एक मोठं भाषण सबंध उत्तर इंग्लंडात एकाही घरात ऐकू गेलं नव्हतं.

नाटक संपल्यावर कॅरदर्स जिना उतरून आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, अशा वेळी पडद्यावर दिलगिरीची पाटी लावायची असते. पाटीच्या बटणावर माझा हात होता. पण बेरिलचा चेहरा बघत राहिलो आणि लावलीच नाही. मग ते आणखी एक गोष्ट म्हणाले, आणि ती मार्जरीला जास्त लागली. आवाज गेला की टेलिफोनवाल्या मुलींना श्वास घ्यायला फुरसत नसते. आज तक्रारीचा एकही फोन नाही. याचा अर्थ एवढाच, की नाटक कुणी बघतच नव्हतं.

बेरिलबाईंना कुणीच काही सांगितलं नाही. त्या रंगपटात तोंडाला क्रीम फासून बसल्या होत्या आणि कधी नव्हे ते गुणगुणत होत्या. मार्जरी दारात दिसताच त्यांनी आरशातून विचारलं, "गेलं ना ग नीट?"

"हो," मार्जरी म्हणाली.

रॉचडेलला, जिथे ती खोली भाड्याने घेऊन राहायची, ती शेवटच्या गाडीने पोहोचली आणि तळमळत पडून राहिली. खोटं बोलून तिने अपराध दुप्पट केला होता. बाई उद्या सकाळी अकराच्या गाडीने लंडनला परत जाणार होत्या. तिथे कुणीतरी भेटेल आणि म्हणेल, काय हो, तुमचा आवाज बंद पडला होता म्हणे. ते दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी आपण सांगायचं, एवढं तिने पहाटे ठरवलं.

सकाळी घरमालकीण मिसेस एंटविसल यांनी तिच्यासमोर तळलेला पाव आणि सॉसेज ठेवलं. ही साठी उलटलेली बाई होती. गुडघे गेलेले, कान अर्धे गेलेले, जीभ मात्र शाबूत. मार्जरीला त्यांची थोडी भीतीच वाटे. समोरच्या घरातल्या म्हातारीशी त्या खिडकीतून तासन्‌तास तोंडं हलवत बसत, पण आवाजाचं नाव नाही. आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय, अशी मार्जरीची पक्की खात्री होती. त्या दिवशी मिसेस एंटविसलनी किटली खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि सुस्कारा टाकला.

"रात्रभर डोळा नाही लागला बघ. काल शेजारी बघितलं तुमचं नाटक. चौदा जणी होतो. तो वास मी धुतला नाही, म्हणाली ती. तिचा होता, राहू दिला. माझ्या आईचं असंच होतं ग."

मार्जरीच्या हातातला काटा बशीत पडला. हे वाक्य संहितेत नव्हतं. ते जगात फक्त स्टुडिओतल्या माणसांनी ऐकलं होतं.

"तुम्ही हे ऐकलंत? कसं ऐकलंत?"

"ऐकलं कुठे? आवाज गेला होता तुमचा, मेला. बघितलं."

मार्जरीचा चेहरा पाहून मिसेस एंटविसलना हसू फुटलं. मग त्यांनी लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. मागांच्या शेडमध्ये एकाच वेळी आठशे माग धडधडतात. शेजारी उभं राहून बोंब मारली तरी ऐकू येत नाही. तिथे बायका ओठांनी बोलतात, ओठांनी ऐकतात. इकडे त्याला मी-मॉ म्हणतात. पंधराव्या वर्षी शेडमध्ये पाऊल टाकलं की महिनाभरात येतं, आणि कान गेले की तेवढंच उरतं. या पट्ट्यातल्या प्रत्येक गल्लीत अशा बायका आहेत. टीव्हीवरच्या नटनट्या ओठ मिटून पुटपुटतात, त्यांचं काही कळत नाही. पण कालची बाई म्हणजे वाढलेलं ताट होती.

"फोन करून तक्रार का नाही केलीत?" मार्जरीने विचारलं.

"कसली तक्रार? सगळं कळलं की."

मार्जरी उठली, कोट घेतला आणि म्हणाली, तुम्ही माझ्याबरोबर मँचेस्टरला चला, आत्ता. मिसेस एंटविसल गुडघ्यांना शिव्या घालत निघाल्या. डोक्याचा रुमाल त्यांनी रस्त्यातच बांधला.

स्टेशनवर तोबा गर्दी होती. इंजिन वाफ सोडत होतं, हमाल ओरडत होते. मिसेस एंटविसल मागे राहिल्या आणि मार्जरी धावत सुटली. बेरिलबाई डब्याच्या दारात उभ्या होत्या. मार्जरीला पाहून त्यांचा चेहरा फुलला. मला निरोप द्यायला आजवर कुणी आलं नव्हतं, त्या म्हणाल्या. ते ऐकून मार्जरीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण तिने सांगितलं. धापा टाकत, आधी बटण, मग अंगठा, मग कालचं खोटं बोलणं. मधे गाडीची शिट्टी झाली, म्हणून शेवटचं तिला दोनदा सांगावं लागलं.

बेरिलबाईंनी डब्याच्या दाराची कडी धरली.

"एकही शब्द नाही?"

"नाही. पण माझं ऐका..."

बाईंनी ऐकलं नाही. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मार्जरीने सोसलं असतं. त्या म्हणाल्या, असू दे पोरी, माझंच चुकलं, मी थांबले. आणि आत जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं. खिडकीची काच बंद होती. त्या काचेपलीकडे पर्स मांडीवर घेऊन बसल्या, आणि पोस्टात तिकिटं विकणाऱ्या बाईसारख्या दिसू लागल्या. मार्जरीने रडत रडत काच ठोठावली, त्या चौदा जणींचं ओरडून सांगू लागली. त्यांनी समजुतीने मान हलवली, की जा आता.

तेवढ्यात मिसेस एंटविसल लंगडत पोहोचल्या. त्यांनी मार्जरीला कोपराने बाजूला सारलं, खिडकीसमोर उभ्या राहिल्या आणि अंगठीने काचेवर टकटक केलं. बेरिलबाईंनी वर बघितलं. मिसेस एंटविसलनी तोंड उघडलं, आवाज न काढता, मोठ्या ओठांनी, सावकाश. मार्जरीला कळलेलं ते पहिलं आणि शेवटचं वाक्य, कारण ते तिला पाठ होतं: तो वास मी धुतला नाही.

बेरिलबाईंची पर्स मांडीवरून घसरली. त्या उठल्या, काचेपाशी आल्या, आणि त्यांचे ओठ हलले. मिसेस एंटविसलनी उत्तर दिलं. गाडीने वाफ सोडली, हमालाची ढकलगाडी खडखडत गेली, कर्ण्यावरून कुठल्या तरी गाडीचा पुकारा झाला, आणि या सगळ्या गोंगाटात बंद काचेच्या दोन बाजूंना दोन म्हाताऱ्या बायका निवांत बोलत राहिल्या. एक हसली. दुसरीने डोळे पुसले. बेरिलबाईंच्या त्या मोठ्या तोंडाकडे वेड्यासारखी बघत मार्जरी उभी होती. सर्वांनी आवरायला सांगितलेलं तोंड ते हेच. ती तीन हातांवर होती आणि तिला एक अक्षर कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपण बहिरे आहोत असं वाटलं.

गाडी हलली. बेरिलबाई काचेपाशी तोंड आणून मार्जरीकडे बोट दाखवत काहीतरी म्हणाल्या. गाडी पुढे सरकली तरी त्या बोलतच होत्या, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत मिसेस एंटविसल मान डोलावत होत्या.

"काय म्हणाल्या?" मार्जरीने विचारलं.

मिसेस एंटविसलनी आधी नाक शिंकरलं, रुमाल घडी करून बाहीत खोचला.

"बर्न्लीची आहे ती, आपल्याच गिरण्यांच्या पट्ट्यातली. आई एकतीस वर्षं मागावर होती, ठार बहिरी. ही पहिल्यांदा नाटकात उभी राहिली तेव्हा आई वरच्या स्वस्तातल्या बाकावर बसायची. तिला दिसावं म्हणून ही असं बोलायची. आई गेली त्याला बावीस वर्षं झाली. हात हिनेच धुतले होते."

"आणि माझ्याकडे बोट दाखवून?"

"तुला निरोप आहे." मिसेस एंटविसल तिच्याकडे वळल्या आणि तिलाही कळावं म्हणून आवाज काढून, एकेक शब्द नीट मांडून बोलल्या. "त्या पोरीला सांग, मला वाटत होतं आई गेल्यावर मी उगाच सवयीने बोलतेय, बघणारं कुणी नाही. त्या चौदा जणींना माझा नमस्कार सांग. आणि म्हणाली, रडू नकोस, तू रडतेस तेव्हा तुझे ओठ वाचता येत नाहीत."